परतीचा दोर

गडावर चढून जाणारे पुष्कळ झाले. परंतु रायगडचा कडा उतरून गेलेली हिरकणीच तेवढी लोकांच्या स्मरणात राहिली. बुरुजाला तिचे नाव मिळाले ते चढण्याबद्दल नव्हे, उतरण्याबद्दल. चढणारा थकला तर थांबू शकतो, दम घेऊ शकतो, वाट चुकली तर माघारी वळू शकतो. उतरणाऱ्याचा पाय घसरला म्हणजे त्याला विचार करावयास सवडच मिळत नाही. पायी चालणाऱ्याचा हा अनुभव विमानासही तंतोतंत लागू पडतो. विमान वर जाते ते बहुतांशी यंत्राच्या बळावर. सुखरूप खाली येते ते बहुतांशी माणसाच्या विवेकावर. आणि ज्या जमिनीवर यावयाचे ती जमीनच हिमालयाच्या कुशीत, ढगांच्या शेजारी असली म्हणजे ह्या विवेकाची कसोटी कशी लागते, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

भंडारा जिल्ह्यातील शहापूर हे गाव नागपूरहून भंडाऱ्याकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर वसलेले आहे. भोवताली धानाच्या बांध्या, जागोजाग बोड्या आणि तलाव, असा हा सपाट मुलूख. समुद्रसपाटीपासून त्याची उंची हजार फुटांच्याही आतली. जवळचा मोठा विमानतळ म्हणजे नागपूरचा सोनेगाव. त्याची उंची १,०३३ फूट आणि धावपट्टी सुमारे ३,२०० मीटर लांब. देशाच्या मध्यावर, अशा मोकळ्या मुलखात असल्यामुळेच १९४९ साली सुरू झालेल्या रात्रीच्या टपालविमानांनी नागपूर हे आपले भेटीचे ठिकाण केले. मुंबई, कलकत्ता, मद्रास आणि दिल्ली येथून निघालेली विमाने मध्यरात्री तेथे जमत, थैल्यांची अदलाबदल करीत आणि पहाटेपर्यंत आपापल्या गावी परतत. उतरताना एखाद्या विमानाचा अंदाज चुकलाच, तर वैमानिकाने इंजिनाचा जोर वाढवावा, पुन्हा वर जावे, एक घिरटी घालावी आणि नव्याने उतरण्यास यावे. सपाट मुलखात ही सोय नेहमीच हाताशी असते. इतकी की तिची किंमत कोणाच्या ध्यानातही येत नाही.

अशा मुलखात वाढलेल्या माणसाच्या मनात एक शंका सहज येईल. लेहची जमीन मुळातच पावणेअकरा हजार फूट उंचीवर आहे. मग विमानाला खाली यावयाचे ते थोडेच! जमीनच जर अर्ध्या वाटेवर सामोरी आली, तर उतरणे सोपे व्हावयास नको काय? शंका वरवर बिनतोड दिसते. परंतु तिच्यात एक गोष्ट विसरली गेली आहे. विमान जमिनीच्या आधाराने उतरत नाही. ते हवेच्या आधाराने उतरते. जमीन वर आली, पण हवा काही तिच्याबरोबर वर आली नाही.

हवेचा हा विरळपणा घरातील गृहिणीस विज्ञानाच्या पुस्तकावाचूनही समजावून देता येईल. शहापुरास चुलीवर आधण ठेवले तर पाणी ९९ अंश शतमानाच्या आसपास उकळते आणि तांदूळ मुकाट्याने शिजतो. लेहला तेच पाणी सुमारे ८९ अंशांवर उकळू लागते, आणि काराकोरम खिंडीलगतच्या दौलत बेग ओल्डी ह्या सोळा हजार फुटांवरील ठाण्यात ते ८३ अंशांच्या आसपासच खळखळते. पातेल्यात खळखळ भरपूर, पण भात मात्र कच्चा! वरून हवेचा दाब कमी पडल्याचा हा परिणाम होय. भात ज्या कारणाने कच्चा राहतो त्याच कारणाने विमानाचा पंखही दुबळा होतो. लेहच्या उंचीवर हवेची घनता समुद्रकाठच्या घनतेच्या सुमारे बहात्तर टक्के असते आणि दौलत बेग ओल्डीस ती साठ टक्क्यांवर येते. पंखाखालून जाणारी हवा जितकी विरळ, तितके विमानाला तोलून धरण्यासाठी अधिक वेगाने धावले पाहिजे.

येथेच एक मोठी गमतीची, पण तितकीच घातक गोष्ट घडते. वैमानिकापुढे वेग दाखविणारी तबकडी असते, ती हवेच्या माऱ्यावर चालते. हवा विरळ झाली की माराही कमी होतो. म्हणून ती खऱ्या वेगापेक्षा कमी आकडा दाखविते. समजा, एक लहान विमान ताशी १०० मैल हा आकडा पाहून उतरावयाचे आहे. समुद्रकाठी ते खरोखरच ताशी १०० मैलांनी उतरेल. लेहला तबकडी तोच १०० चा आकडा दाखवील, परंतु विमान सुमारे ११८ मैलांनी धावत असेल. आणि दौलत बेग ओल्डीस सुमारे १३० मैलांनी. तबकडी खोटे सांगते असे नव्हे. पंखाला जेवढे ठाऊक असते तेवढेच ती सांगते. जमीन मात्र वेगळा हिशेब मागते. वेग तीन दशांशांनी वाढला तर विमानाच्या अंगी असलेला जोर दोन तृतीयांशांनी वाढतो आणि तो जोर जिरेपर्यंत विमान त्या मानाने दूर धावत जाते. म्हणजे जेथे अधिक लांब धावपट्टी हवी, तेथेच डोंगराने ती आखडती दिलेली असते.

त्यातच इंजिनही हवाच खाऊन जगणारे. साध्या इंजिनाचा जोर दर हजार फुटांस सुमारे तीन टक्क्यांनी उतरतो, म्हणजे लेहला पोहोचेपर्यंत त्यातला जवळजवळ तिसरा हिस्सा नाहीसा होतो. पंखा फिरतो, पण त्याला मागे ढकलावयास पुरेशी हवा सापडत नाही. आणि दिवस जसजसा वर येतो तसतशी ही स्थिती अधिकच बिघडते. उघडे खडक उन्हाने तापतात, हवा आणखी विरळ होते, दरीतून वारे वर चढू लागतात आणि विमानाला पाचोळ्यासारखे हेलकावे बसतात. म्हणूनच लेहची बहुतेक विमाने सकाळीच येतात आणि सकाळीच निघून जातात.

एवढ्यावरही भागत नाही. डोंगरातील विमानतळ बहुधा दरीच्या तळाशी किंवा कड्याच्या काठावर असतो. लेहच्या धावपट्टीच्या पूर्वेस उंच डोंगर आहेत. म्हणून विमाने पश्चिमेकडून येऊन उतरतात आणि उलट फिरून पुन्हा पश्चिमेकडेच उडून जातात. नेपाळातील लुकला येथे तर प्रकार ह्याहून विलक्षण. एव्हरेस्टच्या वाटेवरील हे ठाणे सर एडमंड हिलरी ह्यांच्या पुढाकाराने १९६४ साली तयार झाले. उंची ९,३३४ फूट. धावपट्टी अवघी ५२७ मीटर, म्हणजे नागपूरच्या धावपट्टीचा सहावा हिस्सा. शिवाय ती सपाट नाही. तिचे एक टोक दुसऱ्यापेक्षा सुमारे २०० फूट उंच आहे. खालच्या टोकाशी खोल दरी, वरच्या टोकाशी डोंगराची भिंत. उतरणारे विमान चढणीच्या दिशेने येते, म्हणजे चढणच त्याला आवरते. उडणारे विमान उताराने धावते, म्हणजे उतारच त्याला ढकलतो. योजना मोठी शहाणपणाची. परंतु चढती धावपट्टी समोरून पाहणाऱ्या डोळ्यांस फसविते. आपण फार उंच आहोत असा भास होतो, वैमानिक नकळत विमान खाली दाबतो, आणि धावपट्टीच्या अलीकडेच कडा लागतो. वीस-बावीस माणसांची लहान विमानेच काय ती येथे उतरू शकतात.

आता श्रोत्यांनी अशी कल्पना करावी की एक लहान विमान अशा दरीत शिरत आहे. दोन्ही बाजूंस डोंगर. पुढे धावपट्टी, तिच्यामागे भिंत. दरी जसजशी आत जाते तसतशी अरुंद होते. विमानाला वळावयास जी जागा लागते तीही सपाटीपेक्षा येथे अधिक. लेहच्या उंचीवर ती सुमारे चाळीस टक्क्यांनी वाढते, दौलत बेग ओल्डीच्या उंचीवर दोन तृतीयांशांनी. घाटातल्या वळणावर लांब मोटार एका दमात वळत नाही, तिला मागे-पुढे करावे लागते. विमानाला तर मागे सरताच येत नाही. म्हणून दरीत एक ठिकाण असे येते की तेथवर वळून परत जाता येते आणि त्याच्यापुढे येत नाही. त्या ठिकाणी खूण नसते, दगड नसतो, दिवा नसतो. वैमानिकाने ते आधी ठरवावयाचे, मनाशी पक्के करावयाचे, आणि तेथे पोहोचण्यापूर्वी एकच प्रश्न विचारावयाचा: उतरावे, की फिरावे?

मराठी माणसाला ह्या ठिकाणी सिंहगडची आठवण झाल्यावाचून राहणार नाही. १६७० साली तानाजी पडला, मावळे कड्याकडे पळू लागले, आणि सूर्याजीने परतीचे दोर कापल्याचे सांगून त्यांना मागे फिरविले, ही कथा प्रत्येक मुलाने ऐकलेली असते. परतीचे दोर कापणे ही आपल्या भाषेत पराक्रमाची परिसीमा ठरली आहे आणि रणांगणावर ती योग्यच आहे. परंतु डोंगरातल्या वैमानिकाची विद्या नेमकी ह्याच्या उलट आहे. त्याने दोर कापावयाचा नसतो. तो डोंगरच कापतो, तोही मुकाट्याने. वैमानिकाने ओळखावयाचे ते इतकेच की, ह्या क्षणी दोर शाबूत आहे आणि पुढच्या क्षणी नसेल.

आणि ही ओळख ज्या बुद्धीने ठेवावयाची, नेमक्या त्या बुद्धीवरच विरळ हवा पहिला घाला घालते. प्राणवायू कमी पडला म्हणजे माणूस घाबरतो असे नाही. पुष्कळदा तो उलट निश्चिंत होतो. हिशेब चुकतात, पण चुकल्याचे जाणवत नाही. ज्याला आपण उत्तम स्थितीत आहोत असे वाटते, तोच कित्येकदा सर्वांत अधिक धोक्यात असतो. म्हणून उंचीवरील निर्णय उंचीवर पोहोचल्यावर घ्यावयाचे नसतात; ते खाली, शुद्ध हवेत, कागद-पेन्सिल घेऊन घ्यावयाचे असतात. वर केवळ त्यांचे पालन करावयाचे असते.

हे सारे नियम पाठ करून पराक्रम झाले असे मात्र नाही. पहिल्या माणसाला ते स्वतःच्या जिवावर शोधावे लागले. १९४८ च्या उन्हाळ्यात लडाखची स्थिती मोठी बिकट होती. स्कर्दूला वेढा पडलेला, कारगिल आणि द्रास शत्रूच्या हाती गेलेले, झोजी ला खिंडीची वाट बंद झालेली, आणि लेहच्या रक्षणास मूठभर शिपाई. त्याच वर्षीच्या हिवाळ्यात मेजर पृथी चंद आपल्या लहानशा तुकडीसह बर्फाने भरलेली झोजी ला ओलांडून लेहला पोहोचले होते. त्यांच्याबरोबर सोनम नोर्बू नावाचे लडाखी अभियंते होते. त्यांनी गावकऱ्यांच्या हातांनी स्पितुक मठाजवळ, सिंधूच्या काठच्या पठारावर काही आठवड्यांत एक धावपट्टी तयार केली. दगड वेचून, माती दाबून केलेली ती पट्टी. तिच्यावर तोवर कोणतेच विमान उतरले नव्हते.

२४ मे १९४८ रोजी एअर कमोडोर मेहर सिंग ह्यांनी एक डकोटा विमान श्रीनगरहून लेहला नेले. विमानात मेजर जनरल थिमय्या होते. डकोटा हे दोन इंजिनांचे, आजच्या मानाने लहानच विमान. आतील हवेचा दाब राखण्याची सोय त्यात नव्हती, आणि पंखांवर जमणाऱ्या बर्फाचाही भरवसा नव्हता. वाटेवरील शिखरे विमानाच्या कमाल उंचीला जवळजवळ भिडणारी. त्या मार्गाचे भरवशाचे हवाई नकाशे नव्हते आणि उतरण्याच्या जागी मार्ग दाखविणारे यंत्र नव्हते. मेहर सिंग ह्यांनी दऱ्याच वाचीत मार्ग काढला आणि ते लेहला उतरले. त्यानंतर डकोटांची रांग लागली, गुरखा पलटणीचे शिपाई आणि दारूगोळा उतरू लागला, लेह वाचले. झोजी लाची वाट मोकळी होण्यास नोव्हेंबर उजाडला. तोवर लडाखशी हिंदुस्थानचा जो धागा होता, तो त्या मातीच्या पट्टीवर टेकलेला होता. मेहर सिंग ह्यांना महावीर चक्र मिळाले.

हे साहस होते ह्यात संशय नाही. परंतु ते आंधळे नव्हते. मेहर सिंग एकदाच उतरून थांबले असते तर ती केवळ एक चमत्काराची कथा झाली असती. त्यांच्या उड्डाणाचे खरे मोल असे की त्यांच्यामागून येणाऱ्या साधारण वैमानिकांसही ती वाट चालता आली. पहिल्याने जावे आणि दुसऱ्यासाठी हिशेब मांडून ठेवावा, ह्यालाच मार्ग काढणे म्हणतात.

लेहच्याही उत्तरेस, यार्कंदकडे जाणाऱ्या जुन्या तांड्यांच्या वाटेवर, दौलत बेग ओल्डी आहे. दौलत बेग नावाचा कोणी प्रवासी जेथे मरण पावला ती जागा, असा ह्या तुर्की नावाचा अर्थ सांगतात. गवताची काडी नाही, झाड नाही. वारा, खडी आणि थंडी. चीनच्या ताब्यातील प्रदेश येथून काही मैलांवरच. १९६२ साली स्क्वॉड्रन लीडर सी. के. एस. राजे ह्यांनी येथे पॅकेट जातीचे विमान उतरविले. इतक्या उंचीवर विमान उतरविण्याचा तो त्या काळचा जागतिक विक्रम होता. विरळ हवेत पॅकेटची दोन इंजिने अपुरी पडत म्हणून हिमालयातील कामासाठी त्यांच्या पाठीवर एक जेट इंजिन बसविण्यात आले होते. चढणीवर गाडीला जादा बैल जोडावा त्यातलाच हा प्रकार. १९६५ पर्यंत ही विमाने तेथे ये-जा करीत होती. १९६६ साली भूकंपाने तेथील जमिनीचा थर सैल झाला आणि तळ विमानांस निरुपयोगी ठरला. मग चाळीस वर्षांहून अधिक काळ त्या पट्टीवर विमानाचे चाक टेकले नाही.

३१ मे २००८ रोजी ग्रुप कॅप्टन एस. सी. चाफेकर ह्यांनी ए. एन. ३२ जातीचे विमान दौलत बेग ओल्डीस उतरविले. ४३ वर्षांनंतरचे ते पहिले विमान होते. सोव्हिएत संघात बांधलेले हे दोन इंजिनांचे विमान उष्ण आणि उंच प्रदेशासाठीच मुद्दाम घडविलेले. तरी सोळा हजार फुटांवरील कच्च्या मातीची पट्टी ही त्याच्याही शक्तीच्या सीमेवरची गोष्ट होती. अशा ठिकाणी विमानाची दोन इंजिने म्हणजे दोन आधार असे समजणे फसवे. एक इंजिन बंद पडले तर उरलेल्या एकट्याच्या बळावर त्या उंचीत तरंगत राहणे शक्य नसते. उतरल्यावर इंजिने थांबविणे हासुद्धा जुगारच. विरळ आणि थिजलेल्या हवेत ती पुन्हा पेटतील ह्याची शाश्वती काय? म्हणजे उतरण्याचा हिशेब आणि पुन्हा उडण्याचा हिशेब हे दोन्ही खालीच पुरे झालेले असावे लागतात. किती वजन न्यावयाचे, किती इंधन उरले पाहिजे, सकाळच्या कोणत्या घटकेपर्यंत हवा पुरेशी थंड राहील, ह्यांतील एकही आकडा ऐन वेळच्या अंदाजावर सोडता येत नाही.

ह्या उतरण्याने एक बंद दार उघडले. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात फुकचे आणि पुढील वर्षीच्या सप्टेंबरात न्योमा ह्या लडाखमधील जुन्या पट्ट्याही जाग्या झाल्या. २० ऑगस्ट २०१३ रोजी ग्रुप कॅप्टन तेजबीर सिंग ह्यांनी दौलत बेग ओल्डीस चार इंजिनांचे सी १३० जे हे बरेच मोठे विमान उतरविले. डकोटाची मातीची पट्टी, पॅकेटच्या पाठीवरचे तिसरे इंजिन, चाफेकरांचे ए. एन. ३२ आणि मागाहून आलेले हे मोठे विमान, ही एकाच शिडीची पायरीपायरीने झालेली चढण आहे.

परंतु ज्या विषयात यश मिळालेल्यांचीच नावे घेतली जातात, त्या विषयाचे अर्धेच ज्ञान होते. ७ फेब्रुवारी १९६८ रोजी चंदीगडहून लेहकडे निघालेले वायुदलाचे ए. एन. १२ विमान वाटेतील वाईट हवेमुळे मागे फिरले आणि परतीच्या वाटेवर रोहतांगच्या बाजूस नाहीसे झाले. त्यात १०२ माणसे होती, बहुतेक सैनिक. त्याचे अवशेष गिर्यारोहकांना सापडावयास २००३ साल उजाडले. आणि २०२४ साली, म्हणजे ५६ वर्षांनी, बर्फाने आणखी चार देह परत दिले. ह्या विमानाच्या चालकाने परत फिरण्याचाच निर्णय घेतला होता, आणि तरीही डोंगराने त्याला सोडले नाही. तेव्हा माघारी फिरणे म्हणजे सुटकेचे अभयपत्र, असे कोणी समजू नये. दोर शाबूत असला तरी त्याच्यावर वारा असतोच. इतकेच की, जेथे दोर आहे तेथे आशा आहे, आणि जेथे नाही तेथे ती नाही.

८ ऑक्टोबर २००८ रोजी लुकलाला उतरू पाहणारे एक लहान विमान धुक्यात सापडले आणि धावपट्टीच्या तोंडाशीच आदळले. १९ जणांपैकी केवळ विमानचालक वाचला. धावपट्टी हाकेच्या अंतरावर होती. परंतु डोंगरात हाकेचे अंतर हेच सर्वांत लांबचे ठरते. २९ मे २०२२ रोजी नेपाळातील पोखऱ्याहून जोमसोमला निघालेले तसलेच एक लहान विमान ढगांनी झाकलेल्या डोंगरावर आदळले. जोमसोम हेही जवळजवळ नऊ हजार फुटांवरील तळ, आणि पोखऱ्याहून तेथवरचा प्रवास अवघा वीस मिनिटांचा. त्यात २२ माणसे होती. कोणीही वाचले नाही. त्यांपैकी चौघे ठाण्यातील एकाच कुटुंबातले होते, आई, बाप आणि दोन मुले. हिमालयाची ही गोष्ट मुंबईच्या दाराशी येऊन पोहोचली ती अशी.

ती पोहोचावयाचीच होती. एके काळी हिमालयात जाणारा मराठी माणूस एकतर यात्रेकरू असे नाहीतर शिपाई. आज शाळेच्या सुटीत मुलाबाळांसह लेहला जाणारी, मुक्तिनाथाच्या दर्शनासाठी जोमसोमच्या विमानात बसणारी, एव्हरेस्टच्या पायथ्यापर्यंत चालून येण्यासाठी लुकलाला उतरणारी कुटुंबे पुण्या-मुंबईतून आणि नागपुरातूनही निघतात. म्हणून डोंगरातील वैमानिकाची विद्या ही आता केवळ वैमानिकाने जाणावयाची गोष्ट राहिलेली नाही. प्रवाशानेही तिचा एक धडा घेतला पाहिजे.

तो धडा असा. सकाळी सहा वाजता तळावर बसलेल्या प्रवाशाला सांगण्यात येते की आज हवा ठीक नाही, विमान जाणार नाही. वर आकाश तर निळेशार दिसत असते! मग कुरकुर सुरू होते. पुढच्या गावी खोली ठरलेली, रजा संपत आलेली, पैसे भरलेले. कोणी कचेरीच्या खिडकीशी हुज्जत घालतो, कोणी चालकाच्या धैर्याविषयी शेरे मारतो. दोन दिवस असेच गेले म्हणजे तिसऱ्या दिवशी तळावरील गर्दी दुप्पट होते, आणि त्या गर्दीचा भार शेवटी एका माणसाच्या मनावर पडतो. तो दरीत शिरतो तेव्हा त्याच्या पाठीशी वीस माणसांची घाई बसलेली असते. वळावे की उतरावे हा प्रश्न त्याने हवेकडे आणि दरीकडे पाहून सोडवावयाचा. परंतु त्याच्या कानात घाईचा आवाज घुमत राहिला तर उत्तर चुकण्यास कितीसा वेळ? विरळ हवा बुद्धी मंद करते हे खरे. पण खालच्या भरघोस हवेत बसून उतावीळ झालेली माणसेही तेच काम करू शकतात.

विमान रद्द झाले म्हणून त्या दिवशीचे वर्तमानपत्र काही छापीत नाही. दरीच्या तोंडाशी येऊन, ढग पाहून, शांतपणे माघारी वळलेल्या वैमानिकाला कोणी पदक देत नाही. त्याच्या उड्डाणाची नोंद कचेरीच्या वहीत एका ओळीत होते आणि संध्याकाळपर्यंत विसरली जाते. वस्तुतः मेहर सिंग, राजे आणि चाफेकर ह्यांच्या उतरण्यामागे जो हिशेब होता, तोच हिशेब ह्या अनामिक माघारीमागेही असतो. एकाला उत्तर मिळाले ‘उतर’ आणि दुसऱ्याला ‘फीर’. प्रश्न दोघांनीही सारख्याच प्रामाणिकपणे विचारलेला असतो. म्हणून लेहच्या, जोमसोमच्या किंवा लुकलाच्या तळावर ज्याच्या वाट्याला असा दिवस येईल, त्याने खिडकीशी हुज्जत घालू नये. घरी फोन, जे काही करावयाचे ते करून पोहोचण्यास उशीर होईल असे कळवावे, मुलांना गरम चहा पाजावा, आणि माघारी आलेला वैमानिक समोरून जाताना दिसला तर उठून त्याला नमस्कार करावा.